पुण्यातल्या सोसायटीत नव्याने राहायला आलात? पहिल्या वर्षासाठी वाटाड्या

लातूर, नांदेड, जळगाव, साताऱ्याहून नोकरीनिमित्त पुण्यात येणारी मंडळी फ्लॅट बघताना कार्पेट एरिया, पार्किंग, ऑफिसचं अंतर, शाळेची बस असं सगळं खोदून खोदून विचारतात. ज्या दीडशे-दोनशे घरांबरोबर आता रोज राहायचंय त्यांच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही आणि एजंटही आपणहून सांगत नाही. मग पहिले सहा महिने लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघण्यात जातात. मी काही काळ आमच्या सोसायटीच्या कमिटीवर होतो. नवीन आलेल्यांपैकी कोण चटकन रुळतं आणि कोण वर्षानुवर्षं 'ते बी विंगमधले' एवढ्याच ओळखीवर राहतं, हे जवळून बघितलंय. खुर्च्या मांडायला हात लावणारा माणूस पंधरा दिवसांत 'आपला' होतो. ग्रुपवर दहा सूचना टाकणाऱ्याला तेवढ्याच काळात लोक टाळायला लागतात. पुढे जे क्रमाने सांगतोय ते या एका निरीक्षणावर बेतलेलं आहे.

१. टेम्पो येण्याआधी ऑफिस गाठा

सामान हलवण्याच्या चार-पाच दिवस आधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मॅनेजरला प्रत्यक्ष भेटा. सामानासाठी कोणती लिफ्ट वापरायची, किती ते किती वाजेपर्यंत, रविवारी चालतं का, डिपॉझिट लागतं का, हे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. टेम्पो गेटवर उभा, हमाल मीटर पडल्यासारखे घड्याळ बघतायत आणि सिक्युरिटीवाला 'परवानगी दाखवा' म्हणतोय, हा प्रसंग टाळता येण्यासारखा आहे.

भाड्याने येत असाल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पावती, कुटुंबातल्या माणसांची नावं आणि गाड्यांचे नंबर द्यावे लागतात. हा करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. 'नंतर बघू' म्हणणाऱ्या मालकाला हे किल्ली घेण्याआधीच गोड शब्दांत सांगून ठेवा.

फ्लॅट विकत घेतला असेल तर आणखी तीन कामं. सभासदत्वाचा अर्ज देऊन शेअर सर्टिफिकेट नावावर करून घ्या. नॉमिनेशनचा फॉर्म त्याच फेरीत भरा, कारण तो राहून जातो तो राहूनच जातो. आणि स्वतः राहणार असाल तर महापालिकेच्या मिळकत करातल्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज करा. त्याला सोसायटीचं पत्र लागतं, आणि सेक्रेटरींची सही मिळवण्याच्या निमित्ताने त्यांची ओळखही होते.

जाता जाता एक विचारून घ्या: ही नोंदणीकृत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि बोलताना सगळे 'सोसायटी'च म्हणतात. पण पहिली १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालते, दुसरी १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. पुण्यात दोन्ही भरपूर आहेत. सभा, मतदान, मेंटेनन्सची विभागणी यांचे नियम त्यावर ठरतात.

२. पहिला आठवडा: पाणी, कचरा, पार्किंग

सोसायटीतली निम्मी भांडणं या तीन गोष्टींवरून होतात. त्या आधी समजून घ्या.

पुण्याला पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. देखभालीच्या कामासाठी महापालिका बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा, कमी दाबाने येतं. त्यामुळे बुधवारी रात्री घरोघरी बादल्या भरलेल्या दिसल्या तर घाबरू नका, तुम्हीही भरा. शहराच्या कडेच्या भागांत, वाघोली, उंड्री किंवा बाणेर-बालेवाडीच्या काही पट्ट्यांत, टँकर हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. टँकरचं बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातं, म्हणून गाडी पाइप लावून धुणाऱ्याकडे इथे फार वाईट नजरेने बघतात.

कचऱ्याचं म्हणाल तर ओला, सुका वेगळा हे तुम्हाला माहीतच असेल. पुण्यात बऱ्याच ठिकाणी घरोघरचा कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई आणि दादा गोळा करतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायची पद्धत त्यांच्यासाठीच सुरू झाली. सुक्या कचऱ्याच्या ढिगात हात घालणाऱ्या माणसाला आत काय आहे ते आधी कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. मार्कर कचऱ्याच्या डब्याशेजारी टांगून ठेवा. मोठ्या संकुलांत ओल्या कचऱ्याचं खत आवारातच होतं. २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ते बंधन टाकलं होतं. त्या खड्ड्यात तुमच्या भाजीच्या देठांबरोबर प्लॅस्टिकची पिशवी गेली, तर ती कोणाच्या तरी हाताने बाहेर काढावी लागते.

पार्किंग: आपल्या नंबरवरच लावा. 'पाच मिनिटांसाठी' दुसऱ्याच्या जागेवर लावलेली गाडी हा पुण्यात ओळख होण्याचा सर्वात जलद मार्ग आहे. त्या मार्गाने जाऊ नका.

३. मजल्यावरची ओळख, आणि कोणाला काय म्हणायचं

सामान लागलं की पहिल्या शनिवार-रविवारी आपल्या मजल्यावरच्या आणि बरोबर वरच्या-खालच्या घरी जाऊन या. संध्याकाळी सहा-सातची वेळ बरी. हातात काही नेलंच पाहिजे असं नाही, पण गावाकडचं काही असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सोलापूरची शेंगाचटणी, जळगावची केळ्याची वेफर्स, साताऱ्याचे कंदी पेढे, यांनी संभाषण आपोआप सुरू होतं. वास्तुशांत किंवा छोटी पूजा करणार असाल तर निदान मजल्यावरच्या सगळ्यांना बोलवा. निमंत्रण प्रत्यक्ष दारात जाऊन द्या, मेसेजवर नको.

वयाने मोठ्यांना काका-काकू. बरोबरीच्यांना सुरुवातीला 'अहो'च म्हणा. त्यांनी स्वतःहून 'अरे, अहोजाहो कशाला' म्हटलं की मग नावाने. पदाधिकाऱ्यांना सर-मॅडम म्हणणारेही असतात, पण काका म्हटलेलं कोणाला खटकत नाही. गेटवरच्या माणसाला 'ए वॉचमन' म्हणून हाक मारू नका. काका, मामा, दादा, काहीही चालेल, आणि नाव माहीत करून घेतलंत तर उत्तम. घरकामाच्या मावशींशी ठरवताना काम, वेळ, पगार आणि महिन्याच्या सुट्ट्या पहिल्याच दिवशी बोलून घ्या. शेजारच्या घरी काय देतात ते विचारा आणि त्याच्या आसपास राहा. उगाच जास्त देऊन दर वाढवणारा नवा माणूस मजल्यावर फारसा आवडत नाही, कमी देणारा मावशींना आवडत नाही.

पुण्यात राहायला आल्यावर कोणाची ओळख ठेवावी असं मला कोणी विचारलं तर मी या क्रमाने सांगतो: गेटवरचे काका, प्लंबर, मावशी, मग चेअरमन.

४. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

मोठ्या सोसायटीत ग्रुप एक नसतो. एक अधिकृत सूचनांचा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितो. एक गप्पांचा. एक विंगचा. एक बायकांचा. एक खरेदी-विक्रीचा, जिथे सायकल, पाळणा आणि कोकणातला हापूस एकाच दिवशी येतात. शिवाय एक कमिटीवर नाराज असलेल्यांचा. या शेवटच्यात तुम्हाला कोणीतरी महिन्याभरात घेईलच. लगेच 'हो' म्हणू नका.

पहिला महिना नुसतं वाचा. कोण कामाचं बोलतं, कोण रात्री अकराला लांबलचक लिहितं, कोणाच्या एका वाक्यावर वाद थांबतो, हे सगळं कळतं. स्वतःची ओळख मात्र पहिल्याच दिवशी दोन ओळींत द्या: नाव, विंग, फ्लॅट नंबर, घरात कोण कोण. तक्रार असेल तर ती ऑफिसच्या तक्रार वहीत किंवा सोसायटीने गेटसाठी अ‍ॅप घेतलं असेल तर त्यात नोंदवा. दुसऱ्याच्या गाडीचा फोटो, नंबर प्लेटसकट, ग्रुपवर टाकणं कायमचं लक्षात राहतं. ज्याची गाडी आहे त्याच्या, आणि त्याच्या बायकोच्याही.

वरच्या घरातून आवाज येत असेल तर वर जाऊन बेल वाजवा. बहुतेक वेळा खुर्चीच्या पायाला रबरी बूच बसवून प्रश्न मिटतो. बाथरूमच्या छतातून पाणी झिरपत असेल तर आधी वरच्या घराशी बोला. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, घरातल्या संडास-बाथरूमची गळती ही त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, गच्चीतून येणारी गळती सोसायटीने.

५. आपला कट्टा शोधा

कट्टा सगळीकडे असतो, फक्त नावाने लिहिलेला नसतो. सकाळी साडेसहाला चालणाऱ्यांचा एक, तो चालून झाल्यावर चहाच्या टपरीवर पूर्ण होतो. अकराच्या सुमारास भाजीवाल्याच्या गाडीभोवती दुसरा. संध्याकाळी पाच-सहाला ज्येष्ठांचा बाकावर. साडेसातला लहान मुलांच्या आयांचा घसरगुंडीशेजारी, रात्री नऊनंतर बॅडमिंटनवाल्यांचा. तुमच्या वेळेशी जो जमेल तो एकच धरा आणि सलग जात राहा. सगळीकडे थोडं थोडं डोकावणाऱ्याची कुठेच ओळख होत नाही.

लहान मूल असेल तर तुमचं काम फुकटात होतं. चार दिवसांत ते खाली खेळायला जाऊ लागतं आणि मग तुम्ही 'ईशानची आई' किंवा 'ईशानचे बाबा' होता. एकटे राहत असाल, बॅचलर असाल, तर मात्र थोडं जास्त चालावं लागतं. काही सोसायट्यांत बॅचलर म्हटलं की भुवया उंचावतात. हे चुकीचं आहे, पण आहे. बॅडमिंटन किंवा क्रिकेटची टीम हा त्यावर सर्वात सोपा उपाय. रविवारी सकाळी ज्याच्याबरोबर खेळलात तो सोमवारी तुमच्याविरुद्ध तक्रार करत नाही.

आई-वडील गावाहून राहायला येणार असतील तर ज्येष्ठांच्या कट्ट्यावर पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा. 'हे माझे बाबा, सांगलीला शिक्षक होते' एवढं सांगून बाजूला व्हा. त्या बाकावर सांगलीचं कोणीतरी निघतंच, किंवा निदान कोणाचा तरी साडू.

६. गणपती

वर्षभराचं सगळं एका पारड्यात आणि हे दहा दिवस दुसऱ्या. काही सोसायट्यांत गणपती दीड दिवसाचा, बऱ्याच ठिकाणी पाच किंवा सात, काही ठिकाणी अनंत चतुर्दशीपर्यंत. नव्या माणसाला सोसायटीत शिरायला याहून मोठं दार नाही, म्हणून इथे जरा तपशिलात सांगतो.

साधारण महिनाभर आधी गणेशोत्सव समितीच्या बैठकीची सूचना लागते. जा. मागे बसा, आणि काम वाटपाची वेळ आली की हात वर करा. सजावटीच्या कल्पना पहिल्या वर्षी मांडू नका. सजावट ही बहुतेक ठिकाणी दोन-तीन जणांची मिरास असते आणि त्यात हात घालणाऱ्याला गोड हसून बाजूला केलं जातं. कामं मागायची ती अशी, की जी कोणालाच नको असतात: स्पर्धांची नावं लिहून घेणं, खुर्च्या आणि सतरंज्या मोजून घेणं, स्टेजच्या कार्यक्रमाची गाणी एकत्र करणं.

या गाण्यांच्या कामाबद्दल थोडं. सोसायटीतली सगळी मुलं नाचतात. प्रत्येक गटाच्या आईकडे गाण्याची फाइल असते, ती फोनमध्ये असते, आणि ऐन वेळी त्या फोनचं चार्जिंग संपलेलं असतं किंवा मध्येच फोन येतो. हे काम घेतलंत तर दोन दिवस आधी सगळ्यांकडून फाइल मागवा, कापून तीन-साडेतीन मिनिटांवर आणा, क्रमांक घालून एका लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. कार्यक्रम वेळेत संपला तर त्याचं श्रेय तुम्हाला मिळतं, कारण रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो आणि ते दहा कसे वाजतात हे कोणालाच कळत नाही.

वर्गणी मागायला दोघं-तिघं घरी येतात. रक्कम बहुधा ठरलेली असते, भाडेकरूंकडूनही घेतली जाते. पावती घ्या. वर्गणी ऐच्छिक असते, ती मेंटेनन्सच्या बिलात घुसवता येत नाही. नसेल द्यायची तर दारातच नम्रपणे सांगा, 'नंतर या' म्हणून तीन फेऱ्या मारायला लावू नका. आणि उत्सव संपल्यावर जमाखर्च नोटीस बोर्डावर लागतो तो वाचा. लागत नसेल तर पुढच्या वर्षीच्या बैठकीत, आवाज न चढवता, विचारा.

आरती सकाळ-संध्याकाळ असते आणि विंगप्रमाणे किंवा मजल्याप्रमाणे पाळ्या लागतात. आपली पाळी असेल त्या दिवशी प्रसाद आपल्याकडे. किती माणसं येतात ते आदल्या पाळीवाल्यांना विचारा. मधल्या दिवशी चाळीस येतात, तर शनिवार-रविवारी दीडशे. हातावर घेता येईल असाच प्रसाद करा: पेढे, खोबऱ्याची वडी, पंचखाद्य, तुपातला शिरा केलात तर द्रोण आणा. आरत्यांचा क्रम प्रत्येक ठिकाणी ठरलेला असतो आणि तो म्हणणारे एक काका किंवा काकू असतात, त्यांच्या मागे मागे जायचं. शब्द येत नसतील तर टाळ घ्या. टाळ हातात असलेल्या माणसाला कोणी 'म्हणा की' म्हणत नाही. मंत्रपुष्पांजलीला हातात दिलेलं फूल लांबून फेकायचं नसतं, ताटलीत गोळा करतात किंवा पुढे जाऊन वाहायचं.

महाप्रसादाच्या दिवशी मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, जिलेबी, मठ्ठा असा बेत असतो, थोडा इकडेतिकडे. वाढायला माणसं कमीच असतात. तुम्ही मठ्ठ्याच्या पिंपापाशी उभं राहायचं काम मागून घ्या. जिलेबीच्या ताटापाशी वाद होतात, 'दोनच का' वगैरे, मसालेभाताचा डाव उचलून हात दुखतो. मठ्ठ्यापाशी मात्र प्रत्येकजण येतो, बऱ्याचदा दुसऱ्यांदा येतो, आणि थांबून दोन शब्द बोलतो. एका संध्याकाळी अख्खी सोसायटी चेहऱ्याने ओळखीची होते. पळीने ढवळत राहा, नाहीतर कोथिंबीर-मिरची तळाशी आणि वर नुसतं पाणी.

विसर्जन बहुतेक सोसायट्या आवारातल्या हौदात किंवा महापालिकेच्या कृत्रिम हौदात करतात. शाडूची मूर्ती बादलीत विरघळते, ती माती कुंडीत घालता येते. प्लॅस्टरच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची पद्धत पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी पुढे आणली आणि महापालिकेने ती पावडर वाटलीही. निर्माल्य वेगळ्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सोडायला जो येतो, त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या समितीत न विचारता घातलेलं असतं.

७. बाकीचं वर्ष

नवरात्रात भोंडला असतो. पाटावर किंवा जमिनीवर हत्तीचं चित्र, भोवती फेर, गाणी, आणि शेवटी खिरापत ओळखायची. मजा त्या ओळखण्यात आहे. डब्याचं झाकण बंद, 'तिखट की गोड?' पासून सुरुवात, आणि मग मुली एकामागून एक पदार्थ घेत राहतात. तुमच्याकडे खिरापत असेल तर ओळखायला अवघड काहीतरी करा. चिवडा, लाडू नेलात तर पहिल्या फटक्यात हरता. गावाकडचा पदार्थ काढा: धपाटे, सांज्याची पोळी, उकडशेंगोळे. हल्ली गरब्याची रात्रही असतेच, ती वेगळी. दोन्हींना जाता येतं.

कोजागिरीला गच्चीत किंवा हिरवळीवर मसाला दूध. किती लिटर, कोण आटवणार, साखर किती यावर जेवढी चर्चा होते तेवढी वार्षिक सभेला बजेटवर होत नाही.

दिवाळीत मुलं किल्ला करतात, आणि तुमचं मूल पाच-सहा वर्षांपुढचं असेल तर त्याला त्यात सोडून द्या. बागेच्या कोपऱ्यात विटा आणि दगड रचायचे, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर मातीचा लगदा. आठवडाभर आधी उतारावर हळीव किंवा मोहरी पेरली की दिवाळीपर्यंत हिरवं रान उगवतं. मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळतात, तिथवर मुलांना घेऊन एक फेरी मारा. मोठ्यांनी आखणी करून देऊ नये. पहिल्या दिवशी बाबा मंडळी मदतीला म्हणून खाली येतात आणि दुसऱ्या दिवशी मुलं बाकावर बसून बाबांचा किल्ला बघत असतात, हे दरवर्षी घडतं. किल्ला कोणता आहे हे मात्र मुलांना सांगता आलं पाहिजे, राजगड असेल तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माच्या कुठे आहेत तेही. स्पर्धेचे परीक्षक हेच विचारतात.

याच दिवसांत सिक्युरिटी, सफाई कर्मचारी, लिफ्टवाले यांची दिवाळीची पोस्त येते. सोसायटी एकत्र गोळा करत असेल तर त्यात द्या, आणि घरकामाच्या मावशींना साधारण एका महिन्याचा पगार बोनस म्हणून देण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. फराळाचं ताट शेजारी पाठवलंत तर ते रिकामं परत येणार नाही. तुमच्याकडे आलेलंही रिकामं पाठवू नका.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. काही सोसायट्यांत आता ते सगळ्या बायकांसाठी सामूहिक असतं, नवरा असो-नसो, आणि ते तसंच असावं. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी कापडी पिशवी किंवा रोप देणाऱ्या वाढतायत. धुळवड आणि रंगपंचमीला पाण्यावरून वाद ठरलेला: मार्चमध्ये टँकर सुरू झालेले असतात. कोरडे रंग हा मधला मार्ग. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाला उतरा. अर्ध्या तासाचं काम, नंतर वडापाव आणि चहा.

आषाढी वारीच्या वेळी ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामी असतात. पालखी मार्गाजवळच्या सोसायट्या चहा, राजगिऱ्याचे लाडू, पायाला तेल, औषधं अशी सेवा लावतात. तुमची सोसायटी लावत असेल तर पहाटेची पाळी घ्या, तेव्हा हात कमी असतात.

८. वार्षिक सभा

सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ दिवस आधी मिळायला हवी. सूचनेच्या शेवटी छापलेलं असतं की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल. दहाची सभा साडेदहाला सुरू होते, ती अशी. तुम्ही दहाला जा. त्या अर्ध्या तासात खजिनदार एकटे बसलेले असतात आणि हिशेब समजून घ्यायला तेवढा निवांत वेळ वर्षभरात मिळत नाही.

भाडेकरूंना मत नसतं. बऱ्याच ठिकाणी त्यांना बसूही देत नाहीत, पण त्यांचा प्रश्न घरमालकाने मांडायला हरकत नसते. मालक असाल तर फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी मत एकच, आणि आधी हक्क पहिल्या नावाचा.

अहवाल घरी वाचून जा. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीत) किती आहे, थकबाकी किती, लिफ्ट आणि टाकी सफाईचे करार कधी संपतात, एवढं बघितलंत तरी तुम्ही सभेतल्या बऱ्याच जणांच्या पुढे असाल. पहिल्या वर्षी एकच प्रश्न विचारा, तोही अजेंड्यावरचा. लोक आपली वर्षभराची ठसठस 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय' या शेवटच्या मुद्द्यासाठी राखून ठेवतात. तो मुद्दा आला की कुत्री, कबुतरं, पार्किंग आणि २०१७ सालचा रंगाचा ठेकेदार एकदमच सभेत येतात. तेव्हा शांत बसा. दोन्ही बाजू तुमच्याकडे 'नवीन आहेत, तटस्थ आहेत' म्हणून बघतात, आणि खरंच तटस्थ राहिलात तर पुढच्या निवडणुकीत कमिटीसाठी तुमचं नाव निघतं. नको असेल तर आधीच कारण तयार ठेवा.

९. स्वतःचा उपक्रम सुरू करायचा असेल तर

हे वर्ष काढल्यावर करा. वाचनकट्टा, मुलांसाठी बुद्धिबळ, सिंहगडावर महिन्यातून एकदा जाणारा गट, गच्चीवरची बाग, जुनी पुस्तकं-खेळण्यांची अदलाबदल: जे तुम्ही कोणी आलं नाही तरी करत राहाल तेच निवडा.

आधी तुमच्यासारखे आणखी दोघं शोधा. मग कमिटीला एका पानाचं पत्र द्या, त्यात जागा, वार, वेळ, आवाज किती होणार आणि खर्च कोण करणार हे लिहा. सोसायटीकडून पैसे पहिल्या दिवशी मागू नका. पैशाचा विषय निघाला की ठराव लागतो, ठराव आला की सूचक-अनुमोदक, आणि तोवर पावसाळा येतो. क्लब हाऊसची किल्ली कोणाकडे असते, पंखे-दिवे कोण बंद करणार, हे ऑफिसशी तोंडी ठरवून घ्या. बाहेरच्या शिक्षकाला आणून फी घेऊन वर्ग चालवणार असाल तर मात्र लेखी परवानगीशिवाय सुरू करू नका, कारण सामायिक जागेत धंदा केल्याची तक्रार हमखास येते.

वार ठरवताना गुरुवार टाळा, त्या दिवशी घरोघरी पाण्याची गडबड असते आणि बऱ्याच भागांत दुरुस्तीसाठी वीजही जाते. रविवारी सकाळी आठ ही वेळ पुण्यात चालते, संध्याकाळी सगळे बाहेर असतात. सूचना ग्रुपवर टाका, पण लिफ्टमध्ये कागदही चिकटवा. ज्येष्ठ तोच वाचतात आणि येतातही तेच. पहिल्या वेळी तिघं आले तर तिघांबरोबर वेळेवर सुरू करा. तीन-चार वेळा सलग झालं की सिक्युरिटीचे काका येणाऱ्यांना आपणहून सांगू लागतात, 'क्लब हाऊसला चालू झालंय, जा.'